खडवलीतला शेवटचा रविवार

१

कान्हा नाखवा सुटायच्या तोंडावर मेला, हेच सुमतीबाईंना सहन होत नव्हतं.

मरायचाच होता तर आदल्या दिवाळीत मेला असता. तेव्हा तो पुलाखाली पन्नीवर जाळलेल्या मालाचा धूर ओढत पडलेला असायचा. पायाला चिघळलेली जखम, केसांच्या जटा, आणि समोरून सख्खी बहीण गेली तरी तिच्याकडे चार आणे मागणारे डोळे. पोलिसांनी उचलला तेव्हा खिशात चिमूटभर ब्राउन शुगर सापडली. आपल्याकडे तिला सगळे गर्द म्हणतात. असल्या पोराचा पुढचा रस्ता ठरलेला असतो: तुरुंग, मग पुन्हा पूल, आणि मग म्युनिसिपालिटीची गाडी.

पण त्या कडक कायद्यात एक लहानसं दार ठेवलेलं आहे. माल थोडा असेल, स्वतःच्या नशेपुरता असेल आणि माणूस बरा व्हायला तयार असेल, तर मॅजिस्ट्रेट त्याला शिक्षा देण्याऐवजी जातमुचलक्यावर उपचाराला पाठवू शकतो. हे दार बऱ्याच वकिलांना ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते ढकलायचा कंटाळा. ठाण्याच्या कोर्टातल्या प्रोबेशन ऑफिसर सुमती परचुरे यांना मात्र कंटाळा ठाऊक नव्हता. बाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, आणि एकदा मागे लागल्या की साडेसातीपेक्षा चिवट. त्या मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या मागे लागल्या आणि कान्हाला खडवलीच्या ‘उगवती’ व्यसनमुक्ती केंद्रात स्वतः नेऊन सोडून आल्या.

पोरगा खरंच सुधारला. जखम भरली, अंगावर मांस चढलं, आणि केंद्राच्या स्वयंपाकघरात तो मासे इतके सुंदर साफ करायला लागला की आचारी त्याला सोडायला तयार नव्हता. पुढच्या आठवड्यात त्याला कोर्टात उभं करायचं, बरा झाल्याचा अहवाल द्यायचा आणि घरी न्यायचं, असं सगळं ठरलं होतं. १९९३ सालचा मे महिना होता तो.

आणि सोमवारी सकाळी केंद्राचे व्यवस्थापक विठ्ठलराव यांचा फोन आला. विठ्ठलराव निवृत्त हेडमास्तर. शाळेत पोरांना घाम फोडणारा त्यांचा आवाज फोनवर चिरकत होता.

“बाई, कान्हा गेला. स्वयंपाकघराच्या मागे, लाकडांच्या ढिगाजवळ सापडला. शेजारी जळकी पन्नी आहे.”

बाई पोचेपर्यंत पंचनामा उरकला होता. कान्हा भिंतीला टेकून बसला होता. झोप लागावी तसा चेहरा, ओठ निळे. बाईंनी त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले, ते नुसतं माया म्हणून. कपाळ स्वच्छ होतं.

अंगणात पोलिसांची जीप उभी होती आणि तिच्यात बेड्या घालून बसवला होता उत्तम. उत्तम म्हणजे केंद्रातला मदतनीस. मूळचा साताऱ्याकडचा, एकेकाळचा गर्दुल्ला. स्वतःची नशा भागावी म्हणून तो पुड्याही विकायचा, त्यापायी तुरुंग भोगून आलेला. मग आपल्या पायांनी इथे आला, बरा झाला आणि इथेच राहिला. नव्या पोरांना गर्द तुटताना उलट्या व्हायच्या, तेव्हा रात्ररात्र त्यांची डोकी मांडीवर घेऊन हाच बसायचा.

“मॅडम,” तो जीपमधून म्हणाला, “मी या वेळी खरंच काही केलं नाही.”

२

फौजदार घरत वाईट माणूस नव्हता, फक्त घाईत होता. त्याचं गणित सरळ होतं. आत गर्द आलं म्हणजे कुणीतरी आणलं किंवा कुणीतरी आत येऊ दिलं. रविवारी भेटायला येणाऱ्यांचं सामान तपासायचं काम उत्तमचं. पन्नी सिगरेटच्या पाकिटातली, पाकीट शेजारीच सापडलं, आणि केंद्रात बाकी सगळे बिडी ओढतात, सिगरेट एकटा उत्तम. वर जुना रेकॉर्ड.

“पुरवठ्याचा गुन्हा आहे बाई, दहा वर्षांच्या खाली शिक्षाच नाही,” घरत म्हणाला. “आणि तुमचं ते उपचाराचं दार. मॅजिस्ट्रेटसाहेब परत कुणाला तिथे पाठवतील असं वाटतं तुम्हाला?”

“गर्दाच्या पुडीचा कागद कुठे आहे?” बाईंनी विचारलं.

“कागद?”

“पन्नी सापडली, काडी सापडली. गर्द कशात तरी बांधून आलं असेल ना.”

“जाळला असेल, फेकला असेल. आम्ही सगळं चाळलं. अंगावर काय, तर कंगवा, थोडी चिल्लर आणि हळदकुंकू लागलेला घडीचा एक कागद. ते सगळं आईकडे देऊन टाकलं. म्हातारी एक अक्षर बोलली नाही. रडलीसुद्धा नाही.”

केंद्रात येणाऱ्या डॉक्टरांनी बाईंना एवढंच सांगितलं की सहा महिने कोरडं राहिलेलं शरीर जुनं माप पेलत नाही. पोराच्या हाताला सवय जुन्या मापाची. “त्याला मरायचं नव्हतं हो,” ते म्हणाले. “असल्यांना मरायचं नसतं.”

बाईंची चौकशीची पद्धत पोलिसांपेक्षा निराळी. पोलीस विचारतात कुठे होतास, बाई विचारतात काय खाल्लंस. जेवणाबद्दल खोटं बोलायचं कुणाला सुचत नाही, आणि जेवणाला चिकटून बाकीचं सगळं बाहेर येतं. लॉकअपच्या गजांपलीकडे त्या फरशीवर बसल्या आणि उत्तमला म्हणाल्या, “रविवारी जेवायला काय होतं रे?”

उत्तम गोंधळला. “आमच्याकडे डाळभात. पण कान्हाची आई आलेली ना, तिने तांदळाच्या भाकऱ्या आणलेल्या, सुकटीची चटणी, तळलेली बोयटं, त्याचे लाडके मासे. मलाही दिले. खूश होता तो.”

“तू तपासलंस सगळं?”

“भाकऱ्या मोडून बघितल्या, मॅडम. चटणीत चमचा फिरवला. म्हातारीला वाईट वाटलं, पण मी सोडत नाही. मलाच ठाऊक आहे माल कसा कसा आत येतो ते.”

“मग?”

“मग आई गेली. तो माझ्याबरोबर भांडी घासायला बसला. एकदम गप्प. मधेच म्हणाला, उत्तमदादा, कुणी न कळता इथे माल आणला, त्याला ठाऊकच नसलं, तर त्याचं काय करतात? मी म्हटलं, दहा वर्षं. ठाऊक नव्हतं म्हणून सांगायचं असतं कोर्टात, पण कोर्ट आधी आत टाकतं आणि मग ऐकतं. झालं, तो पुन्हा भांडी घासायला लागला. मला नंतर वाटलं, त्या चंदूचं चाललं असेल याच्या डोक्यात.”

“कोण चंदू?”

“त्याचा जुना यार. संध्याकाळी आलेला. मी फाटकातून हाकलला, तर मागच्या भिंतीवरून त्याने काहीतरी आत फेकलं. मी धावलो, पण तोवर कान्हाने ते झेलून लपवलेलं.”

“हे फौजदारांना सांगितलंस?”

“सांगितलं. ते म्हणाले, स्वतःची कातडी वाचवायला दुसऱ्याचं नाव घेतोस.”

३

चंदू शीळफाट्याला ट्रकच्या टायरची पंक्चरं काढायच्या दुकानात सापडला. काळा, किडकिडीत, हात ग्रीसने माखलेले. बाई कोर्टातल्या आहेत हे कळल्यावर तो आधी पळायच्या बेतात होता. पण बाईंनी शेजारच्या टपरीवर त्याच्यासाठी चहा आणि बनपाव सांगितला. उपाशी माणूस बनपाव टाकून पळत नाही.

“कसम से मॅडम, मी माल नाय दिला,” तो पहिल्या घासालाच म्हणाला. “धंदा सोडला मी. कान्हा अंदर गेला तेव्हाच माझी फाटलेली.”

“मग भिंतीवरून काय फेकलंस?”

“सिगरेटचं पाकीट. भरलेलं, नवं. यार सुटणार म्हणून. तो उत्तम पाच मिनिटं भेटू पण देत नव्हता.”

म्हणजे पन्नी उत्तमची नव्हती. बाईंचा जीव क्षणभर हलका झाला आणि लगेच पुन्हा जड झाला. भरल्या पाकिटात एक पुडी खोचायला कितीसा वेळ लागतो?

“कान्हा काय म्हणाला?”

चंदूने पाव खाली ठेवला. “भिंतीवरून डोकं काढून बोललो आम्ही, दोनच मिनिटं. मी म्हटलं, सुटलास की ये, इथे काम लावून देतो. तो म्हणाला, येतो. पण मॅडम, त्याचं ध्यान नव्हतं. शर्टाचा खिसा सारखा चाचपत होता. मी पाकीट फेकलं, ते हाताने झेललं, तरी दुसरा हात खिशावरच. मी विचारलं, काय आहे रे? तर बोलला, काय नाय, फेकून द्यायचंय.”

“पाकीट फेकायच्या आधीपासून चाचपत होता?”

“हां ना. आल्यापासून.”

बाईंनी चहा तसाच सोडला. चंदूचं पाकीट हातात पडायच्या आधीच कान्हाच्या खिशात काहीतरी होतं, आणि ते त्याला टाकून द्यायचं होतं. शिवाय उत्तमला तो प्रश्न त्याने भांडी घासताना विचारला, म्हणजे चंदू यायच्या कितीतरी आधी. चंदू येणार हे त्याला ठाऊकसुद्धा नव्हतं.

मग ‘न कळता माल आणणारा’ म्हणून त्याच्या मनात कोण होतं? त्या दुपारी कान्हाला भेटायला एकच माणूस आलं होतं. बाईंना ते नाव मनातसुद्धा उच्चारवेना.

४

चेंदणी कोळीवाड्यात नाखव्यांचं घर दोन खोल्यांचं. दारात उलटी टाकलेली होडी, तिच्यावर वाळत घातलेलं जाळं. खाडीत कारखान्यांचं पाणी यायला लागल्यापासून त्या होडीला फारसं काम उरलं नव्हतं. काम गेलं तसा कान्हाचा बाप दारूला लागला आणि पोरगा गर्दाला. बाप गेल्या पौषात गेला. तेव्हा कान्हा केंद्रात होता, अंत्यदर्शनापुरता पोलिसाबरोबर येऊन गेलेला. आता घरात उरल्या होत्या दोघी: आई जनी आणि धाकटी बहीण मालू. मालू डोंबिवलीच्या एका कंपनीत पॅकिंगला जायची.

जनी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली होती. पाहुणी आली तरी उठली नाही. देव्हाऱ्यावर पडदा ओढलेला होता. सुतकच होतं, त्यात काही वावगं नव्हतं.

मालूने चहा केला आणि हळू आवाजात बोलायला लागली.

“मी त्याला कधीच माफ करणार नव्हती, मॅडम. माझ्या लग्नासाठी जमवलेली भांडीसुद्धा विकली त्याने. घरात पुड्या लपवायचा. मी सगळं उलथून काढलेलं. पिठाचा डबा, छपराच्या वाशाची फट, जाळ्याचे तरंगते बोये, बाबांचे बूट. मिळाली की संडासात टाकायची. मग तो माझ्यावर हात उचलायचा.”

“सगळीकडे शोधलंस?”

“सगळीकडे. म्हणजे देव सोडून. आंघोळ न करता आई देव्हाऱ्याच्या जवळपास फिरकू देत नाही आणि मी तर ड्युटीवरून दमून येणारी. दिवाबत्ती त्याचीच असायची, नशेत असला तरी. आईला तेवढंच समाधान.” मालूने कप बाईंच्या पुढे सरकवला. “खडवलीला गेला आणि माणसात आला. मागच्या महिन्यात माझी माफी मागितली त्याने. मी म्हटलं, घरी ये मग बघू. असं म्हटलं मी.”

बाई उठून आत गेल्या आणि जनीच्या शेजारी जमिनीवर बसल्या. मग बाईंनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला. “रविवारी काय नेलं होतंत त्याच्यासाठी?”

जनी भिंतीकडे बघतच बोलली. “भाकऱ्या. सुकटीची चटनी. बोयटं तललेली. त्याला आवडतात.” ती थांबली. “आनि आईचा अंगारा.”

कार्ल्याची एकवीरा म्हणजे कोळ्यांची आई. चैत्रातल्या यात्रेहून तिचा अंगारा कागदाच्या पुड्यांत बांधून आणायचा, देवीच्या तसबिरीमागे ठेवायचा आणि वर्षभर आजारीपाजारी माणसाच्या कपाळाला लावायचा, ही घरोघरची रीत.

“दर रविवारी न्यायचात?”

“दर रविवारी एक पुडी. माज्यासमोर उघडायचा, माज्यासमोर कपालाला लावायचा. मंग पाया पडायचा. येक रविवार चुकला नाय.”

“या रविवारी?”

“उघडला. बगितला. परत घडी घातली आनि खिशात ठेवला. मना बोलला, आये, मी मागनं लावतो.”

“तो अंगारा यंदाच्या यात्रेचा होता?”

दारातून मालूने उत्तर दिलं. “यंदा कुठली यात्रा, मॅडम. बाबांचं वर्ष झालं नाही ना अजून. आधीच्या पुड्या संपलेल्या. तसबिरीच्या पार मागे जुन्या दोन मिळाल्या, त्यातली एक आईने नेली.”

बाईंचा हात जनीच्या पाठीवर होता. तो त्यांनी काढला नाही.

५

“चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालात तुम्ही,” बाई घरतच्या टेबलासमोर बसून म्हणाल्या. “आणि माझ्या या गोष्टीत चोरच नाही. ऐका.

“कान्हा दिवाबत्ती करायचा. बहीण सगळं घर उलथायची, पण देवाला हात लावायची नाही. म्हणून त्याने शेवटच्या पुड्या देवीच्या मागे, अंगाऱ्याच्या पुड्यांत ठेवल्या. तसलाच कागद, तशीच घडी. पूजेचं हळदकुंकू त्यांनाही लागलं. मग तुम्ही त्याला पकडलंत. कोठडीतून तो थेट केंद्रात गेला. बाप मेला तेव्हा आला, तोही पोलिसाबरोबर. त्या पुड्या काढायची संधीच मिळाली नाही, आणि आईला सांगायची हिंमत झाली नसणार.

“यंदा यात्रा नव्हती. अंगारा संपला. आईने मागच्या पुड्यांतली एक उचलली आणि पोरासाठी घेऊन गेली. उत्तमने भाकऱ्या मोडून बघितल्या, पण अंगारा उघडला नाही. मी काल पुन्हा विचारलं त्याला. म्हणाला, देवीचा अंगारा कोण उघडतो, मॅडम? तुम्ही उघडला असतात, घरत?”

घरतच्या स्वतःच्या टेबलाच्या काचेखाली देवीचा फोटो होता.

“कान्हाने मात्र उघडला, कारण तो लावायचा होता. आणि ओळखला. म्हणून कपाळाला लावला नाही. मेला तेव्हा त्याचं कपाळ कोरं होतं, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तुम्ही ज्या पुडीचा कागद शोधत होतात तो त्याच्या खिशातच होता, हळदकुंकू लागलेला. तुम्ही तो नीट घडी घालून त्याच्या आईला परत दिलात.”

“काखेत कळसा,” घरत पुटपुटला. मग त्याने डोकं खाजवलं. “पण मग त्याने लगेच उत्तमच्या हातात का नाही दिली पुडी? बरा झालेला पोरगा होता.”

“कारण ती कुणी आणली ते सांगावं लागलं असतं. म्हणून तर त्याने उत्तमला विचारलं, न कळता आणणाऱ्याचं काय करतात. उत्तमने सांगितलं, दहा वर्षं. मग तो कुठल्या तोंडाने बोलणार? त्याने ठरवलं, गुपचूप फेकून देऊ. चंदूला तसं म्हणालाही. फक्त फेकायच्या आधी ती संध्याकाळभर त्याच्या खिशात राहिली. भिंतीवरून पन्नी आली, काड्या स्वयंपाकघरात होत्या. या रोगाला एवढी संध्याकाळ पुरते.”

घरतने खिडकीबाहेर बघितलं. “बाई, हे पटतंय मला. पण तुमच्या पटण्यावर उत्तम सुटत नाही. दुसरी पुडी हवी, ती तपासणीला पाठवायला हवी. आणि म्हातारीचा जबाब हवा, की मी स्वतः आत नेली. तिच्यावर केस होईल की नाही ते साहेब ठरवतील. पण तिला हे सांगणार कोण?”

बाई पदराने चष्मा पुसत बसल्या. तीस वर्षांत त्यांनी खुनी माणसांना धीराचे शब्द सांगितले होते. या बाईला सांगायला त्यांच्याजवळ एक शब्द नव्हता. गप्प बसावं, तर उत्तमची दहा वर्षं जाणार. बोलावं, तर एका आईला सांगायचं की तुझ्याच हातून गेला.

६

दुसऱ्या दिवशी त्या कोळीवाड्यात गेल्या तेव्हा जनी ओटीवर बसली होती, जशी काही वाट बघत. बाईंनी वाटभर जुळवून आणलेलं वाक्य सुरू केलं. “जनाबाई, तो अंगारा…”

“ठावं हाय मना,” जनी म्हणाली.

तिने कमरेची गाठ सोडली. आतून दोन कागद काढून बाईंच्या हातात ठेवले. एक रिकामा, पोलिसांनी परत दिलेला. दुसरी पुडी भरलेली, घडी घातलेली.

“कागुद परत मिलाला तवाच वास आयला. त्याच्या अंगाला यायचा त्योच. मंग मी घरी आयली आनि सुतकात देवाला हात लावला, बाई. तसबीर काढली आनि मागची पुडी उघडून बगितली. अंगारा राखाडी असतो. यो मातीच्या रंगाचा.” ती शांतपणे बोलत होती. “मोतीबिंदू हाय मना. तरी बगाया पायजे व्हता.”

“मग तुम्ही कुणाला…”

“नाय सांगला. त्यो उत्तम आत हाय, ते बी ठावं व्हतं. माज्या पोराचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला त्यो. रोज बोलायची, आज सांगन. पन सांगला का माजाच हात ठरतो. म्हनून तोंड उघडला नाय.”

बाईंनी तिला स्पष्ट सांगितलं की जबाब दिला तर तिच्यावरही खटला होऊ शकतो. खोटा धीर देणं त्यांना जमलं नसतं. एक गोष्ट मात्र त्यांनी सांगितली नाही. कान्हाने उत्तमला काय विचारलं होतं ते. आपण गर्द नेलं, हे या बाईला कळलं होतं. पोरगा आपल्यापायी गप्प बसला, हे आणखी तिच्या डोक्यावर कशाला ठेवायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

“खटला व्हऊ दे,” जनी म्हणाली. “कवा यायचा?”

कोर्टात जनी न अडखळता बोलली. पुडी मी नेली, माझ्या हाताने दिली, उत्तमला काही ठाऊक नाही. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी दोनदा विचारलं, दोनदा तिने तेच सांगितलं. पुडी प्रयोगशाळेत पाठवायचा हुकूम झाला. पुढच्या तारखेला अहवाल आला, तो बाईंनी सांगितला तसाच. जनीला काही ठाऊक नव्हतं हे साहेबांनी मानलं, तिच्यावर खटला झाला नाही. उत्तमला त्यांनी सोडून दिलं. उठता उठता ते सुमतीबाईंना म्हणाले, “त्या केंद्रात पुढची मुलं पाठवायची असतील तर अहवाल आणा. मी वाचेन.” एरवी बाईंना याचा केवढा आनंद झाला असता.

बाहेर व्हरांड्यात जनी आणि मालू निघायच्या तयारीत होत्या. उत्तम धावत आला आणि त्याने जनीचे पाय धरले. बाईंना त्याला अडवायचं होतं, पण त्या दोन पावलं लांब होत्या.

“आई, माझी चूक झाली,” तो हुंदके देत म्हणाला. “तो मला विचारत होता, न कळता माल आणणाऱ्याचं काय होतं. मी म्हटलं, दहा वर्षं. मला काय माहीत तो तुमच्याबद्दल विचारतोय. मी म्हटलं असतं की काही होत नाही, तर त्याने तिथल्या तिथे माझ्या हातात दिली असती.”

मालूने तोंडावर हात ठेवला. जनी खाली बघत होती. मग तिने मान वर करून सुमतीबाईंकडे बघितलं.

“बाई, हे खरं?”

नाही म्हणायला किती सोपं होतं. बाईंच्या ओठांवर ते आलंही होतं.

“खरं आहे,” त्या म्हणाल्या. “त्याने बघताक्षणी ओळखलं होतं. बोलला असता तर तुम्हाला पकडलं असतं, म्हणून खिशात ठेवलं. फेकून द्यायचं होतं त्याला. ते मात्र जमलं नाही.”

जनी व्हरांड्याच्या पायरीवर बसली. कोर्टातले लोक तिला वळसा घालून ये-जा करत होते, कुणाचा कोट, कुणाची चप्पल तिच्या लुगड्याला लागत होती. तिचं तिकडे लक्ष नव्हतं. इतक्या दिवसांत तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, पोराला अग्नी दिला तेव्हासुद्धा नाही.

“म्हंजे खिशात ठेवला तवा त्यो माजाच व्हता,” ती म्हणाली. “मंग गेला.”

तिने उत्तमला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि मग मोठ्याने रडायला लागली.